माणूस मिळत नाही म्हणता? मग अटी बदला!

रावेरच्या बाजारात जा, सावद्याला जा, एस्टी स्टँडावर चहाच्या टपरीवर उभे राहा. एकच रडगाणं कानावर येतं. 'कामाले मानूस भेटत नाही भो!' केळीबागेचा मालक रडतो, पॅकहाऊसवाला रडतो, टोळीचा मुकादमही रडतो. आणि रडून झालं की निदान ठरलेलं. पोरं माजली. मोबाइल आला. रेशन फुकट झालं. शिकली नि कामातून गेली.

दोस्तांनो, हे निदान खोटं आहे. माणूस आहे. तो सुरतेला आहे, पुण्याच्या चाकणला आहे, जळगावच्या एमआयडीसीत आहे. तो रावेरलाही आहे. मात्र जुन्या अटीवर मान वाकवणारा माणूस संपला. मालकाला माणसाची टंचाई नाही, लाचाराची टंचाई आहे. ती टंचाई आपण बाबासाहेबांच्या शिकवणीतून मुद्दाम निर्माण केली. त्याची लाज कशाला?

जुनी अट काय होती ते नीट आठवा. खानदेशात सालदाराचं साल आखाजीला सुरू व्हायचं नि आखाजीलाच फिटायचं. लेकी माहेरी येऊन झोक्यावर गाणी म्हणायच्या आणि त्याच दिवसांत बाप कुणाच्या तरी ओट्याखाली उभा राहून पुढचं साल ठरवायचा. ठराव तोंडी. थोडी रोकड, थोडं धान्य, अंगावर एखादं कापड. उचल आधीच लग्नात नाहीतर दवाखान्यात गेलेली. मग पहाटे शेण, दिवसा बाग, रात्री पाण्याची पाळी. आजारी पडला तर खाडा धरायचा, नाहीतर बायकोनं, पोरानं त्याच्या जागी उभं राहायचं. ठरवायचा एक, राबवायचं सगळं घर!

ही रीत ओळखीची वाटते ना? महार वतनात दुसरं काय होतं? चोवीस तास हजर राहा, तू नसशील तर तुझ्या घरातला कुणीही येऊ दे. १९२८ साली बाबासाहेबांनी मुंबई विधिमंडळात वतनाच्या कायद्याला दुरुस्तीचं बिल मांडलं ते याच्याच विरोधात. पुढे १९५८ च्या कायद्यानं ही कनिष्ठ वतनं गेली. वतन कागदावरून गेलं, पण मालकाच्या डोक्यातून गेलं नाही. आजही त्याला मजूर हवा म्हणजे वतनदारच हवा. हाक मारली की हजर, हिशेब विचारणार नाही, वर मान करणार नाही.

मजुराला दुसरा दरवाजा उघडला की मालक बोंबलतो. १९७२ च्या दुष्काळात या राज्यात खडीची कामं निघाली, १९७७ साली रोजगार हमीचा कायदा झाला, १९७९ पासून तो अंमलात आला. मजुराला पहिल्यांदा म्हणता आलं, 'तुझ्या शेतात परवडत नाही, मी सरकारी कामावर जातो.' हे म्हणता येणं हीच त्या कायद्याची खरी ताकद. २००५ साली ती हमी देशाला मिळाली. आणि आता? डिसेंबर २०२५ मध्ये संसदेनं त्या कायद्याच्या जागी नवा कायदा केला. दिवस शंभराचे सव्वाशे म्हणून सांगितले. पण पेरणी-कापणीच्या हंगामात वर्षातले साठ दिवसांपर्यंत कामं बंद ठेवायची सोयही त्यातच केली. का? तर शेतमालकाला मजूर मिळावा म्हणून! ज्या दिवसांत मजुराला भाव येतो, नेमक्या त्याच दिवसांत त्याचा दुसरा दरवाजा लावून घ्यायचा. मालकानं अटी बदलायच्या नाहीत, त्याच्यासाठी सरकारनं कायदा बदलायचा. वा रे न्याय!

मालकाला बदलता येत नाही असं नाही. केळीसाठी तो किती बदलला बघा. कंदाची लागवड सोडून टिश्यूकल्चरची रोपं आणली. पाटाचं पाणी सोडून ठिबक आणलं. घडाला डाग पडू नये म्हणून स्कर्टिंग बॅग चढवली. आखातातल्या गिऱ्हाइकाला डाग चालत नाही म्हटल्यावर फण्या धुऊन, पुसून खोक्यात भरायला शिकला. केळीला उन्हाचा, थंडीचा विमा आहे. केळीचा भाव बाजार समितीत रोज जाहीर होतो. आणि तीच केळी त्याच वैशाखाच्या उन्हात डोक्यावरून वाहणाऱ्या माणसाचा भाव? तो सकाळी मुकादमाच्या तोंडात. बाईचा वेगळा, पुरुषाचा वेगळा. विमा नाही, कागद नाही. अंगाला लागलेला केळीचा चीक तेवढा कायमचा.

फेब्रुवारी २०२१ विसरू नका. यावल तालुक्यात किनगावजवळ रात्री पपईचा ट्रक उलटला. पपईच्या मालावर बसून घराकडे निघालेले पंधरा मजूर गेले. बाया होत्या, लेकरं होती. बहुतेक रावेर तालुक्यातले. फळाला ट्रक होता, माणसाला नव्हता! माणूस मालाच्या वर बसून येत होता. मजूर लावण्याची आपल्याकडची सगळी रीत त्या एका ट्रकवर लादलेली होती.

आणि शिकलेल्या पोरांचं काय? आयटीआय करून, बी. कॉम. करून पोरगं मुलाखतीला जातं. हाताला काय येतं हे नंतर. आधी पूर्ण नाव, मग आडनाव, मग 'घरी काय करतात?', मग 'गावात कुठल्या बाजूला राहता?' सुखदेव थोरात आणि पॉल अॅटवेल यांनी शिक्षण तेच ठेवून नुसती नावं बदलून खाजगी कंपन्यांना अर्ज पाठवले होते. २००७ साली निष्कर्ष छापून आला. दलित नावाला बोलावणं कमी. त्याच वर्षी सुरिंदर जोधका आणि कॅथरीन न्यूमन यांनी दाखवलं की मोठमोठे नोकरी देणारे गुणवत्तेचा जप करतात आणि उमेदवाराला कौटुंबिक पार्श्वभूमी विचारतात. हाच तो गावचा ओटा, फक्त एसी लावलेला.

तर मालकहो, माणूस हवा असेल तर ऐका.

एक. रोज, तास आणि कामाची हद्द आधी सांगा, लिहून सांगा. केळीचा भाव फलकावर लागतो, मजुरीचाही लावा.

दोन. उचलीच्या दोरीनं माणूस बांधू नका. वेठबिगारी १९७६ च्या कायद्यानं बंद झाली आहे. किमान वेतनापेक्षा कमी देऊन राबवणं ही वेठच, हे सुप्रीम कोर्टानं १९८२ सालीच सांगितलं. शेतीलाही किमान वेतन १९४८ च्या कायद्यापासून आहे आणि नोव्हेंबर २०२५ पासून आलेल्या वेतन संहितेतही आहे.

तीन. त्याच कामाला बाईला तोच रोज.

चार. नेण्या-आणण्याला माणसाची गाडी. माल आणि माणूस एका ट्रकमध्ये नाही.

पाच. आडनाव विचारू नका, काम विचारा. पाण्याचा माठ एकच ठेवा.

लहान शेतकरी म्हणेल, केळीचा भाव पडला तर मी कुठून देऊ? भाऊ, तुझं दुखणं खरं आहे. व्यापाऱ्यानं तुझा भाव पाडला तर त्याच्याशी भांड, आम्ही तुझ्याबरोबर येतो. पण तुझा तोटा आमच्या ताटातून भरून काढू नकोस. आणि एक माठ ठेवायला, आडनाव न विचारायला किती पैसे लागतात?

आता आपल्या पोरांशी दोन शब्द. मालकाकडे एक हुकमी पान आहे. तुम्ही नाही म्हणालात की तो सातपुड्यातून पावरा, बारेला मजूर आणतो. त्याला उचल देतो, बागेतच झोपडी देतो आणि तुम्हाला सांगतो, 'बघा, हे कसे मुकाट राबतात!' म्हणजे जिथं काल आपला बाप उभा होता तिथं आज आदिवासी भाऊ उभा केलाय. त्याच्यावर राग काढाल तर मालक जिंकला. त्याची भाषा शिका, त्याच्या झोपडीत जा, किमान वेतनाचा दर त्याला सांगा. त्याचा रोज वाढल्याशिवाय तुमचा टिकणार नाही. आणि आपल्यातलाच कुणी चार पैशांसाठी मुकादम होऊन आपल्याच माणसाचा रोज कापत असेल तर त्याला भर सभेत जाब विचारा. निळा झेंडा खांद्यावर आणि कटौती खिशात, हे चालणार नाही.

१९३६ च्या डिसेंबरात शेजारच्या फैजपूरला काँग्रेसचं अधिवेशन भरलं. शेतमजुराला जगण्यापुरतं वेतन मिळावं हे तिथल्या शेतीविषयक कार्यक्रमात होतं. कार्यक्रम कागदावर राहिला. १९३८ च्या फेब्रुवारीत मनमाडला रेल्वेतल्या अस्पृश्य कामगारांसमोर बाबासाहेबांनी दोन शत्रू दाखवले, ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही. केळीबागेच्या बांधावर हे दोन्ही शत्रू एकाच माणसाच्या तोंडून बोलतात. एक आडनाव विचारतो, दुसरा रोज पाडतो.

तेव्हा येत्या आखाजीच्या आधी प्रत्येक वस्तीत बैठक घ्या. बाया पुढे बसवा. तालुक्याचा एक रोज ठरवा. पाच अटी कागदावर लिहून मालकांच्या हातात द्या. पुढच्या वेळी कुणी म्हणालं 'मानूस भेटत नाही', तर तो कागद पुढे करा आणि सांगा, माणूस इथंच आहे. माणसासारखा लावा, लगेच येईल.

जयभीम!