शुक्राणूच्या दारात नॅनो कुरिअर

बायोच्या लेक्चरला ‘शुक्राणू’ हा शब्द आला की मागच्या बाकांवर खसखस पिकते. हसा बिनधास्त! पण या पेशीबद्दल आपल्याला किती कमी कळलंय, तेही बघा. मूल होत नाही म्हटलं की आपल्याकडे अजूनही आधी सुनेच्याच तपासण्या सुरू होतात. खरं तर अशा जवळपास निम्म्या जोडप्यांत पुरुषाकडचंही कारण असतं. त्याची तपासणी झालीच, तर रिपोर्टमध्ये शुक्राणूंची संख्या, हालचाल, आकार सगळं मिळतं. हालचाल मंद का, हे मात्र बऱ्याचदा कळत नाही.

कळणार कसं? शुक्राणूतला डीएनए इतका घट्ट आवळलेला असतो, की तिथे नवी प्रथिनं जवळजवळ बनतच नाहीत. त्यामुळे एखादं जनुक बंद करून काय बिघडतं ते बघायची लॅबमधली नेहमीची युक्ती तयार शुक्राणूवर चालत नाही. जे हवं ते बाहेरूनच आत पोचवावं लागतं.

निसर्ग हेच करतो. वृषणातून निघालेल्या शुक्राणूला धड पोहताही येत नाही. अधिवृषणाच्या सुमारे ६ मीटर लांब, गुंडाळलेल्या नळीतून जाताना तिथल्या पेशी अतिसूक्ष्म पिशव्यांमधून त्याला प्रथिनं आणि छोटे आरएनए पुरवतात. पेशींनी सोडलेल्या अशाच पिशव्या म्हणजे एक्सोसोम, साधारण ३० ते १५० नॅनोमीटरचे. १९८३ मध्ये त्यांचा शोध लागला, तेव्हा तो पेशीचा कचरा वाटला होता. आता त्यांनाच कुरिअर बनवायचं चाललंय. ऑक्सफर्डच्या संशोधकांनी डुकराच्या शुक्राणूंवर तशी चाचपणीही केली आहे.

पण बॉस, हे औषध नाही. प्रश्न विचारायचं साधन आहे. पार्सल खरंच आत गेलं की दारालाच चिकटलं, आत जाऊन काही काम केलं का, हे प्रत्येक वेळी तपासावंच लागतं. २०१९ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने लोकांना सावध केलं होतं, की एकाही एक्सोसोम उत्पादनाला आपली मंजुरी नाही. तेव्हा रीलमध्ये कुणी ‘एक्सोसोम थेरपी’ विकत असेल, तर आधी पुरावा मागा.

आणि बायो, केमिस्ट्री किंवा नॅनोसायन्स शिकत असाल, तर प्रोजेक्टचा विषय निवडताना लाजू नका. ‘दोष कुणाचा’ हे विचारणारे घरोघरी आहेत. ‘कारण काय’ हे शोधणारे हवेत.