कलंडू द्या

बालवर्गात 'हस्तकला' म्हणून हल्ली दुकानातून आणलेलं पाकीट फोडतात. आत कापून ठेवलेले तुकडे, खुणा केलेल्या जागा. थोड्याच वेळात सगळ्या मुलांच्या हातात सारख्या वस्तू. त्यांतली एकही कलंडत नाही, आणि मुलांचं नुकसान होतं ते तिथेच. तोल कळतो तो वस्तू कलंडताना.

त्यापेक्षा ओल्या मातीचा सुपारीएवढा गोळा घ्यावा आणि त्याच्या बुडात छोटी काडी खोचावी. ही काडी बोटाच्या टोकावर उभी राहत नाही. मग खराट्याचे दोन जाडसर हीर गोळ्याच्या दोन्ही बाजूंना खाली झुकते खोचायचे आणि त्यांच्या टोकांना तेवढेच गोळे लावायचे. हे गोळे बोटाच्या बरेच खाली लोंबले, की सगळ्याचा गुरुत्वमध्य टेकूच्या खाली जातो. आता हलकी टिचकी मारली तरी ते डुलतं आणि पुन्हा सरळ होतं. पाच वर्षांच्या मुलाला 'गुरुत्वमध्य' सांगायची काही घाई नाही. त्याला हीर वर करून पाहू द्या, एक आखूड करून पाहू द्या. दहादा पडेल, पडू द्या.

करवंट्यांच्या तराजूचंही तेच. रिकामी पारडी सहसा समान नसतातच. हलक्या बाजूला पासंग लागतो. तो खड्याचा की चिंचोक्याचा, हे बाईंनी ठरवू नये. बाईंनी आधीच जुळवून दिलेल्या तराजूने मूल वजन करायला शिकेल, पण तोल साधायचं काम बाईंकडेच राहील.

यात नवं काही नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 पासून बोर्डीत आणि पुढे कोसबाडला परिसरात मिळणाऱ्या वस्तूंवरच बालशिक्षण उभं केलं. अरविंद गुप्तांनी पुण्यात 'आयुका'च्या विज्ञान केंद्रातून टाकाऊ वस्तूंची कितीतरी खेळणी मुलांच्या हाती दिली. 2020 च्या शैक्षणिक धोरणानेही 3 ते 8 या वयासाठी खेळ आणि कृतीवरच भर दिला आहे. माती, हीर, करवंट्या फुकट मिळतात. मिळत नाही तो सलग तासभर वेळ. तो वेळापत्रकात हवा. आणि पालकांच्या व्हॉट्सॲप गटावर त्याच दिवशी पूर्ण झालेल्या वस्तूचा फोटो पडलाच पाहिजे, हा आग्रह शाळांनी सोडावा.