आजीची वही

मैत्रिणींनो, हळदीला हल्ली डीजे लागतो अन् आजी कोपऱ्यात गप्प बसते. तिची गाणी कुणाला येतात?

आपल्या कोकणातल्या बेने इस्रायल ज्यूंनी १८८० च्या सुमारास अब्राहाम, योसेफ यांच्या कथा मराठी कीर्तनात आणल्या. कोचीनच्या ज्यू बायकांची रीत वेगळी. लग्नाकार्यात त्या मल्याळम गाणी म्हणत, वाद्याविना, नुसत्या गळ्यावर. ती त्यांनी वह्यांत उतरवून ठेवली. १९५० च्या दशकात बहुतेक जणी इस्रायलला गेल्या, वह्याही गेल्या. पुढे त्याच वह्या उघडून बायका पुन्हा एकत्र गायल्या.

आपल्या मराठवाड्यातल्या जात्यावरच्या ओव्यांची अशी वही तुमच्या घरी आहे? आजीला लिहिता येत नसेल, तुम्हाला येतं ना! येत्या सुट्टीत तिच्याजवळ बसा आणि म्हणा, "आजी, म्हण ना गं!"