चुलत आजोबांचा दावा

1999 च्या नोव्हेंबरात फ्लॉरिडाच्या किनाऱ्याजवळ टायरच्या ट्यूबेवर तरंगत असलेला, सहावे वर्षही पुरे न झालेला एक क्यूबन मुलगा मासेमारीस निघालेल्या दोघांच्या हाती लागला, तेव्हा त्याची आई व तिच्यासोबत नावेतून निघालेले बहुतेक सर्वजण समुद्राने गिळले होते. एलिआन गोन्झालेझ नावाच्या त्या मुलाच्या ताब्यावरून पुढे सात महिने जो कज्जा चालला, त्यातील एक गोष्ट लढ्याच्या गदारोळात फारशी कोणाच्या ध्यानात राहिली नाही: मायामीत राहून मुलावर हक्क सांगणारे गृहस्थ हे मृत आईचे आप्त नसून, क्यूबात कार्देनास येथे राहणाऱ्या आणि मुलगा परत मागणाऱ्या बापाचेच सख्खे काका होते.

बाप हयात नसता तर काकांनी नातवाला पदरात घेतले यास कोणीही पुण्यकर्मच म्हटले असते. परंतु बाप हयात होता, मागणी करीत होता, आणि 5 जानेवारी 2000 रोजी अमेरिकेच्या स्थलांतर खात्याने मुलाच्या वतीने बोलण्याचा अधिकार त्याचाच, असा निर्णयही दिला होता.

मायामीतील आप्तांच्या बाजूचा एकच मुद्दा मला खरोखर अस्वस्थ करतो. ज्या किनाऱ्यासाठी आईने प्राण वेचले, तेथून मुलास परत पाठविणे हा तिच्या अखेरच्या इच्छेचा अव्हेर नव्हे काय? होय, तो अव्हेर होता. तथापि मृताच्या इच्छेने मिळकतीची वाटणी होऊ शकली, तरी हयात बापाची मुखत्यारी तिने संपुष्टात येत नाही. म्हणून आप्तांनी बापाऐवजी फिडेल कॅस्ट्रोची राजवट आरोपीच्या पिंजऱ्यात उभी केली. हा न्याय लावला तर त्या बेटावरील एकही बाप लायक ठरणार नाही.

अटलांटाच्या अपील न्यायालयाने 1 जूनला जो निकाल दिला, त्यात बापाची कैवारी भाषा नाही. सहा वर्षांच्या मुलाच्या नावे कोणी आश्रयाचा अर्ज करावा याविषयी कायदा मुग्ध आहे, खात्याने ती उणीव आपल्या धोरणाने भरून काढली आहे, ते धोरण अगदीच गैरवाजवी नाही, सबब आम्ही हस्तक्षेप करीत नाही, एवढेच त्याचे सार. त्या धोरणाविषयीची आपली शंकाही न्यायमूर्तींनी लपविली नाही.

खात्याच्या निर्णयाची अंमलबजावणी मात्र या निकालाआधीच, आणि ओंगळ रीतीने, झाली होती. महान्यायवादी जॅनेट रीनो यांनी मुलगा सोपविण्यासाठी ठरविलेली मुदत आप्तांनी धाब्यावर बसविली हे खरे. पण 22 एप्रिलच्या पहाटे सशस्त्र शिपाई घरात घुसले, आणि भेदरलेल्या मुलासमोर रोखलेल्या बंदुकीचे अ‍ॅलन डियाझ यांनी टिपलेले छायाचित्र जगभर गेले.

28 जूनला सर्वोच्च न्यायालयाने दाद घेण्याचे नाकारले व त्याच दिवशी मुलगा बापासह हवानास पोहोचला. त्याला मिरविण्यात राजवटीने कसूर केली नाही. 2023 मध्ये तो कार्देनासचा प्रतिनिधी म्हणून राष्ट्रीय सभेतही बसला. राजवट मुलाचा वापर करून घेईल हे मायामीकरांनी वर्तविलेले भाकीत या अर्थाने बरेच खरे ठरले, हे सांगण्यास मला संकोच नाही. परंतु बाप नालायक आहे हे त्यांना शाबीत करता आले नव्हते, आणि कज्जा त्याचाच होता.