‘रिझ्यूम’ म्हणजे पुनरारंभ?

इंग्रजी ‘रिझ्यूम’ या क्रियापदाला ‘पुनरारंभ करणे’ हा प्रतिशब्द आपल्या कचेऱ्यांत, शाळांत आणि भाषांतरांत इतक्या निश्चिंतपणे योजला जातो की, त्याविरुद्ध लेखणी उचलणे हा निव्वळ शब्दच्छल वाटण्याचा संभव आहे. तथापि ज्याचा आरंभ नव्याने होतो त्याचे मागचे सारे बाद ठरते; आणि जे ‘रिझ्यूम’ होते त्याचे मागचे सारे कायम असते, किंबहुना ते कायम आहे असा दावाच त्या शब्दाने केलेला असतो. परस्परांना छेद देणाऱ्या या दोन कल्पना एकाच प्रतिशब्दाच्या गोठ्यात बांधणे मला मान्य नाही.

पूर्वपक्षाचा मुख्य आधार कोशांचा. डॉ. जॉन्सन यांच्या १७५५ च्या सुप्रसिद्ध कोशातसुद्धा या शब्दाखाली ‘पुन्हा आरंभणे’ हा अर्थ दिला आहे, असे कोणी दाखवून देईल. दिला आहे खरा. परंतु ‘जे मध्येच तुटले होते ते’ ही अट त्याला जोडलेली आहे, आणि त्याच्या आधी ‘दिलेले परत घेणे’ हा अर्थ मांडलेला आहे. मूळ लॅटिन धातूच ‘घेणे’ या अर्थाचा असल्यामुळे परत घेणे हा या शब्दाचा पिंड आणि पुढे चालू करणे हा त्याचा विस्तार होय. ज्याचा हवाला दिला जातो तो कोशच अशा रीतीने पूर्वपक्षाला प्रतिकूल साक्ष देतो.

हा जुना अर्थ केवळ कोशात पडून राहिलेला नाही. महाराष्ट्राने तो जमिनीच्या रूपाने भोगला आहे. १८५२ च्या अकराव्या कायद्यान्वये मुंबई इलाख्यात जे इनाम कमिशन बसले, त्याने इनामदारांच्या सनदा मागवून, त्यांची पेशवे दप्तराशी रुजुवात घेऊन, ज्यांचा हक्क शाबीत झाला नाही त्यांच्या जमिनींवर सारा बसविला, आणि या सर्व व्यवहाराला इंग्रजी दप्तरात ‘रिझम्पशन’ हेच नाव होते. आता येथे ‘पुनरारंभ’ घालून पाहावे! कशाचा पुनरारंभ? सरकारचे म्हणणे असे होते की, हे उत्पन्न मूळचे राज्याचे, ते मध्यंतरी दुसऱ्याच्या हाती गेले, आता ते राज्य परत घेत आहे. हा दावा न्याय्य होता की अन्यायाचा, हा वाद निराळा; रॉबर्ट नाइट या मुंबईच्या पत्रकाराने त्यावर टीकेचे पुस्तक लिहिले, आणि अखेरीस १८६३ मध्ये सरकारलाच तडजोडीचे कायदे करावे लागले. मला एवढेच दाखवावयाचे आहे की, त्या शब्दाचा सारा जोर मागच्या मालकीवर होता. स्वातंत्र्यानंतरही परगणा व कुलकर्णी वतने नष्ट करणाऱ्या १९५० च्या मुंबई कायद्यात वतनी जमिनींसंबंधी हेच क्रियापद आले. तेथे आपल्याकडे ‘सरकारजमा’ हा नेमका शब्द पूर्वीपासून असताना दुसरे काही शोधण्याचे कारण नाही.

दुसरा पूर्वपक्ष अधिक व्यवहारी आहे: जमिनीची गोष्ट सोडा, एरवी अर्थ संदर्भावरून कळतोच, मग ही काथ्याकूट कशाला? याला उत्तर फौजदारी न्यायालयात मिळते. खटला अर्धवट असताना दंडाधिकारी बदलला, तर नव्याने येणाऱ्याने पूर्वाधिकाऱ्यापुढे झालेला पुरावा धरून पुढे जावे, की साक्षीदारांना पुन्हा बोलावून पहिल्यापासून सुरुवात करावी? १८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या ३५० व्या कलमात हे दोन्ही मार्ग वेगवेगळे सांगितले होते, आणि पहिल्यापासून सुरुवात करण्यासाठी त्या कलमाने ‘रिकमेन्स’ हे स्वतंत्र क्रियापद योजले होते. साक्षीदार पुन्हा बोलवा, अशी मागणी करण्याचा आरोपीचा हक्क १९५५ च्या दुरुस्तीने गेला, आणि १९७३ च्या संहितेत त्या कलमाची जागा ३२६ व्या कलमाने घेतली. संक्षिप्त खटल्यांत मात्र पुराव्याचा केवळ सारांश टिपलेला असल्यामुळे नव्या अधिकाऱ्याला मुळापासूनच सुनावणी घ्यावी लागते. ज्या आरोपीच्या विरुद्ध पाच साक्षी झाल्या आहेत, त्याला खटला ‘पुन्हा सुरू’ झाल्याचे मोघम कळविले, तर त्या साक्षी जिवंत आहेत की गेल्या, हे त्याने कोणत्या संदर्भावरून ओळखावे?

आता मंडनाकडे वळतो. मराठीला हा भेद परका आहे, ही समजूतही निराधार होय. जुन्या इनामपत्रांत अंमलदारांना ताकीद असे की, इनाम वंशपरंपरेने चालवावे आणि दरवर्षी ताज्या सनदेचा उजूर करू नये. म्हणजे चालविणे वेगळे आणि नवे करून देणे वेगळे, हे त्या कारकुनांना स्वच्छ ठाऊक होते. आपल्या मासिकांनीही लांबलेल्या लेखाखाली ‘पुढे चालू’ हेच शब्द छापले. एखाद्या संपादकाने तेथे ‘पुनरारंभ पुढील अंकी’ असे छापले असते, तर वाचकांनी मागचे अंक रद्दीत घातले असते. तेव्हा खंडित कार्यासाठी ‘पुढे चालू करणे’, दिलेल्या जमिनीसाठी ‘सरकारजमा करणे’, आणि जेथे खरोखरच मागचे पुसून टाकावयाचे असेल तेथेच ‘नव्याने आरंभणे’, अशी व्यवस्था मी सुचवितो.

एका ठिकाणी मात्र आपली भाषाही गोंधळलेली आहे, हे मान्य केले पाहिजे. नवा उमेदवार नोकरीवर येतो तेव्हा तो ‘रुजू’ होतो, आणि रजेवर गेलेला कारकून परत येतो तेव्हा तोही ‘रुजू’च होतो, परंतु पहिल्याची सेवा त्या दिवसापासून मोजावयाची आणि दुसऱ्याची पूर्वीच्या नेमणुकीपासून. परत आलेल्यासाठी ‘पूर्ववत् रुजू’ असे लिहिण्याचा प्रघात पडला तर बरे. अन्यथा अनधिकृत गैरहजेरीनंतर परतलेल्या माणसाच्या बाबतीत घोटाळा अटळ आहे. त्याची गैरहजेरी सेवाखंड ठरते, आणि तो खंड वरिष्ठांनी क्षमापित केला नाही, तर निवृत्तिवेतनाचा हिशेब करताना त्याची आधीची वर्षे हातची जाऊ शकतात, मग हजेरीपटावर त्याच्या नावापुढे ‘रुजू’ कितीही ठळक अक्षरांत लिहिलेले असो.