चालतंय म्हणजे तपासलंय?

"अरे, लेआउट व्हेरिफाइड आहे, मार सोल्डर!" हे ऐकलं की डोकं फिरतं. कोरस पेडलमध्ये आवाज काही मिलिसेकंद मागे ठेवणाऱ्या एमएन ३००७ आणि एमएन ३२०७ या चिप दिसायला जुळ्या, दोन्ही १०२४ पायऱ्यांच्या. पण ३००७ ची पिन १ प्लसला जाते, ३२०७ ची ग्राउंडला! एकीच्या लेआउटवर दुसरी बसवली की सप्लाय उलटा, खेळ खलास. मग कांजूरमार्गहून दादरला गाडी बदलून पुन्हा लॅमिंग्टन रोड... केलीये मी ती वारी.

ऑफिसात रिव्ह्यूशिवाय एक ओळ पुढे जाऊ देत नाही ना आपण? मग इथेच श्रद्धा कशाला? इथे तर अन्डूही नाही. डेटाशीट उघडा, पेन्सिलीने एकेक पिन टिक करा. तासभर जाईल, पण शनिवार वाचेल.