अर्थिंग माणसाला नको, मोटारीला पाहिजे



अनवाणी चालले, जमिनीला अंग जोडून झोपले की सांधेदुखी जाते, असा प्रचार शहरातून आपल्याकडे येऊ लागला आहे. क्लिंट ओबर या अमेरिकन केबल टीव्हीवाल्याने 2010 साली दोघांना सोबत घेऊन यावर पुस्तक काढले. आता चटया विकल्या जातात. त्यांची वायर प्लगच्या अर्थिंगच्या भोकात खोचायची! पुरावा म्हणून दाखवतात ते प्रयोग मूठभर माणसांवरचे.

आमचा सवाल साधा आहे. भोकरदन-मंठ्याच्या रानात कापूस वेचणारी बाई जन्मभर अनवाणी राबली, तिचे गुडघे का गेले? उलट अनवाणी पायातून हुककृमी शिरतो आणि रक्त कमी करतो. सापाचे तर सोडाच.

खरा धोका त्या भोकात आहे. खेड्यातल्या किती घरांत त्यामागची तार जमिनीपर्यंत पोचते? कुठे कुठे ती न्यूट्रललाच जोडून दिलेली असते. न्यूट्रल तुटला की त्याच तारेत करंट येतो, आणि चटईवर झोपलेला माणूस तिला जोडलेला असतो.

अर्थिंग हवे ते लोखंडी कूलरला, स्टार्टरच्या पेटीला. त्यातही आपल्या काळ्या जमिनीला उन्हाळ्यात भेगा पडतात, अर्थिंगच्या पाइपापासून माती सुटते. अशा खड्ड्याचा रोध 50 ओहम झाला, तर 230 व्होल्टला पाच अँपिअरही वाहत नाहीत. दहा अँपिअरचा फ्यूज उडत नाही (जाड तार गुंडाळली असेल तर बोलायलाच नको) आणि कूलरचा पत्रा करंट धरून राहतो. ओल्या अंगाचा रोध हजार ओहमच्या आसपास. म्हणजे त्या पत्र्याला हात लावणाऱ्या अनवाणी पोरातून 200 मिलिअँपिअर जाऊ शकतात. जीव जायला याहून कमी पुरतात. म्हणून खड्ड्यात मीठ-कोळसा घाला, उन्हाळाभर पाणी सोडा आणि चटईच्या पैशात 30 मिलिअँपिअरला तुटणारा ब्रेकर बसवा.

पण डीपीचे अर्थिंग शेतकऱ्याने करायचे नाही, ते वीज कंपनीचे काम आहे. रात्रीची वीज देऊन ओल्या रानात स्टार्टर दाबायला लावायचे आणि बैल किंवा माणूस गेला की निष्काळजीपणा शेतकऱ्याचा, हे आम्हाला मान्य नाही. वीज कायदा 2003 च्या कलम 161 प्रमाणे माणसाच्या वा जनावराच्या अपघाताची खबर विद्युत निरीक्षकाला द्यावी लागते. ती दिली का, हे लेखी विचारा.

येत्या बैठकीला येताना प्रत्येक गावाने आपल्या डीपीची अर्थिंगची पट्टी जाग्यावर आहे की तुटली, ते लिहून आणावे. बघताना पट्टीला हात लावू नये.